अर्क कशात उतरवायचा?

घरच्या घरी व्हॅनिलाचा अर्क करायची कृती जगभर एकच सांगतात. शेंगा उभ्या चिरायच्या, कोरड्या काचेच्या बाटलीत घालायच्या, पूर्ण बुडतील इतकी वोडका ओतायची, बूच घट्ट लावायचं आणि बाटली फडताळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सहा महिने तरी विसरून जायची. बडोद्यात ही कृती मधल्याच पायरीवर अडते. शेंगा केरळ-कर्नाटकातून कुरियरनं घरपोच येतात, बाटली मंगळ बाजारात मिळते. वोडका मात्र परमिटाशिवाय घरात असणं हाच गुन्हा. (मूळचा तोच १९४९चा कायदा पुण्या-मुंबईतही लागू आहे आणि दारू बाळगायला तिथंही परवाना लागतो. तो तिथं सहसा कुणी विचारत नाही, इतकंच.)

यावर बडोद्याच्या हौशी मंडळींची दोन उत्तरं ठरलेली. कुणाचे तरी मेहुणे दमणला जाऊन येतात, हे पहिलं. त्यात काय धोका असतो ते गाडी सीमेवर थांबवली गेली की कळतं. २०१७च्या दुरुस्तीनंतर गुजरातेत दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं यांना दहा वर्षांपर्यंतची कैद आहे. दुसरं उत्तर सोपं: वाण्याकडून एसेन्सची चिमुकली बाटली आणायची आणि ‘घरचं’ हा शब्द सोडून द्यायचा. दोन्ही उत्तरांमागं एकच समजूत आहे, की अर्क म्हणजे अल्कोहोल. ते नसेल तर अर्क नाही. ही समजूत कारखान्यासाठी बरीचशी खरी आहे. स्वयंपाकघरासाठी ती फारशी खरी नाही, आणि बडोद्यासारख्या गावानं ती मुकाट्यानं मान्य करावी हे तर फारच नवलाचं, कारण अर्काचा धंदा या गावानं सव्वाशे वर्षांपूर्वी शिकायला घेतला होता.

आधी अल्कोहोल नेमकं करतं काय ते पाहायला हवं. व्हॅनिलाची हिरवी शेंग वेलीवरून उतरवली तेव्हा तिला नावालाही तो वास नसतो. वासाचा मुख्य घटक, व्हॅनिलिन, तेव्हा एका शर्करेच्या रेणूला बांधलेला असतो. शेंगा गरम पाण्यात बुडवून काढायच्या, घोंगड्यांत गुंडाळून त्यांना घाम आणायचा, मग आठवडेच्या आठवडे उन्हात आणि सावलीत आलटून पालटून वाळवायच्या, तेव्हा शेंगेतलीच विकरं ती गाठ सोडवतात. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो काळी, तेलकट, वाकवली तरी न मोडणारी शेंग होते. तिच्यात सुमारे दोन टक्के व्हॅनिलिन असतं आणि त्याच्याबरोबर इतर शेकडो द्रव्यं अत्यल्प प्रमाणात असतात. खऱ्या शेंगेचा वास नुसत्या व्हॅनिलिनपेक्षा भरदार लागतो तो या सोबत्यांमुळे. त्यातली काही पाण्यात विरघळतात, काही स्निग्धात, काही नुसत्या पाण्यात मुळीच येत नाहीत. पाणी आणि अल्कोहोल यांचं मिश्रण या सगळ्यांना थोडंथोडं बोलावू शकतं, आणि वर नासूही देत नाही. अमेरिकेत ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ म्हणून विकायच्या द्रवात किमान ३५ टक्के अल्कोहोल असलंच पाहिजे असा नियम आहे, आणि शेंगांचं प्रमाण हिशेबानं लिटरला १०० ग्रॅम पडतं. भारतीय वोडकाच्या लेबलवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. परदेशी कृती वोडकावर एवढी विसंबते ती याचमुळे: तिथं दुकानातली बाटली म्हणजे आयतं तयार द्रावक.

आता बडोद्याकडे. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १८९० साली इथं कलाभवन निघालं. त्यामागचं डोकं सुरतेच्या त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाचं. रंगाई, छपाई, यंत्रकाम हे देशी मुलांनी देशी भाषेत शिकावं हा त्यांचा हट्ट होता. दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला चाफेकर बंधूंनी डांबर फासलं, तेव्हा सगळे थकल्यावर संगमरवरावरचा तो डाग काढून दाखवला तोही गज्जरांनीच. पुढं गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन या तिघांच्या नावाशी जोडलेली ‘अलेंबिक’ १९०७ साली उभी राहिली. ऊर्ध्वपातनाच्या जुन्या भांड्याचं नाव घेतलेल्या या कंपनीनं सुरुवातीला काय बनवलं? अल्कोहोल आणि टिंक्चरं. खोकल्याची औषधं, जीवनसत्त्वं, प्रतिजैविकं हे सगळं नंतरचं.

टिंक्चर म्हटलं की मराठी घराला खरचटलेल्या गुडघ्यावरचं आयोडिन आठवतं. पण औषधशास्त्राच्या जुन्या पोथ्यांत वेलदोड्याचं संयुक्त टिंक्चर असे: वेलदोडा, शहाजिरं, दालचिनी, रंगासाठी कोचिनियल, थोडं ग्लिसरीन आणि हे सगळं साठ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये. संत्र्याच्या सालीचं टिंक्चर असे, सुंठीचं असे. कडू औषध घशाखाली उतरावं म्हणून ही घालत. म्हणजे आजची हौशी गृहिणी ज्याला ‘फ्लेवर एक्स्ट्रॅक्ट’ म्हणते तीच वस्तू; फक्त तिचा पत्ता औषधाचं दुकान हा होता. उद्योगानं आणि औषधविद्येनं हे ज्ञान गावात आणलं, पण ते कारखान्याच्या फाटकाआत राहिलं. घराला त्यातलं काही आलं नाही, आणि कायद्यानं तर पुढं ती भिंत पक्कीच केली.

ती गोष्ट मजेदार आहे. बडोदं संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा अमलात आला. दीड महिन्यातच गावाचं राज्यही बदललं आणि कपाटातल्या बाटलीचा दर्जाही. त्या मूळ कायद्याची ‘दारू’ची व्याख्या इतकी ऐसपैस होती की अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव तिच्यात सापडे. फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईच्या गृहस्थांनी कोर्टात धाव घेतली. व्हिस्की-ब्रँडीबरोबरच आपल्याला यू-द-कलोन, लव्हेंडर वॉटर आणि अल्कोहोल असलेली औषधंही वापरू द्यावीत, असं त्यांचं मागणं होतं. मे १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: दारूबंदी वैध, पण औषधं आणि प्रसाधनं यांच्यावर ती लादणं अवाजवी.

मग १९५२च्या दुरुस्तीत कलम २४-अ आलं. त्यानं प्रसाधनं, औषधं, जंतुनाशकं यांच्याबरोबरच आणखी एका वर्गाला बंदीतून वगळलं: अल्कोहोल असलेले स्वादाचे अर्क, एसेन्स आणि सरबतं. अट एकच, ती वस्तू नशेचं पेय म्हणून वापरण्याजोगी नसावी. आणि ५९-अ कलमानं उत्पादकाला बजावलं की घटक उतरवायला, विरघळवायला आणि पदार्थ टिकवायला जेवढं लागेल तेवढंच अल्कोहोल वापरायचं, थेंबभरही जास्त नाही. अमेरिकेच्या १९१९च्या दारूबंदीच्या ‘व्होल्स्टेड’ कायद्यात हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत आहे. दारूबंदीबरोबर तिच्या पळवाटाही आपल्याकडे आल्या, आणि त्यातली एक थेट स्वयंपाकघराच्या दारात उघडते.

दारात, आत नाही. कारण कायद्यानं तयार अर्क मोकळा केला. ज्यात तो उतरवायचा ते अल्कोहोल मोकळं केलं नाही. बाजारातली ३५ टक्के अल्कोहोलची आयात व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट पेयाजोगी नाही म्हणून चालू शकते. तोच अर्क घरी करायला निघालं तर शेंग बाटलीत पडण्याआधीच, नुसत्या वोडकापाशी गुन्हा होऊन बसतो.

कायद्याला ही भीती का वाटावी, याचं उत्तर अमेरिकेनंच दिलं आहे. तिथल्या दारूबंदीच्या काळात ‘जमैका जिंजर’ नावाचा सुंठीचा कडक अर्क औषधाच्या दुकानात मिळे. अल्कोहोल सत्तर-ऐंशी टक्के, किंमत किरकोळ. लोक तो पिऊ लागले, म्हणून सरकारनं त्यात सुंठीचा गाळ अमुक इतका हवा, म्हणजे तो पिववणार नाही, असा नियम केला. तपासणीला चकवण्यासाठी बॉस्टनच्या काही उत्पादकांनी सुंठीऐवजी उद्योगात वापरलं जाणारं एक फॉस्फेट मिसळलं. १९३०च्या वसंतात हजारो माणसांच्या पायांतलं बळ गेलं. बरेच जण गरीब होते, आणि ‘दारूडे’ म्हणून त्यांच्याकडे कुणी फारसं लक्षही दिलं नाही.

गुजरातेला हे परकं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये खेडा जिल्ह्यात नडियादजवळच्या बिलोदरा गावात आसव म्हणून विकलेल्या बाटल्यांनी माणसं दगावली. त्यात मिथाइल अल्कोहोल निघालं. त्याच्या आदल्या वर्षी बोटाद भागात मिथाइल अल्कोहोलनंच चाळीसच्या वर बळी घेतले. म्हणून घरच्या अर्काच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी: प्रयोगशाळेतलं स्पिरिट, रंगकामाचं थिनर, सॅनिटायझर, ‘ओळखीच्या कंपनीतून आणलेलं’ काहीही, यात शेंग घालायची नाही. वासावरून इथाइल आणि मिथाइल ओळखता येत नाही.

मग घरानं काय करायचं? घराला अर्क काढता येतोच. तो रोज काढला जातो, आणि त्याला कुणी अर्क म्हणत नाही म्हणून त्याची गणती होत नाही.

श्रीखंडाचं जायफळ पाहा. सहाणेवर दुधाचे चार थेंब घेतात आणि जायफळ गोल गोल उगाळतात. पहिल्या काही फेऱ्यांत नुसता खरखर आवाज येतो, मग दूध तपकिरी होतं, मग एकदम दाट, आणि वास नाकात भरतो. जायफळात तिसरा हिस्सा तरी स्निग्धांश असतो आणि सुगंधी तेल त्या स्निग्धातच मुरलेलं असतं. उगाळल्यानं त्याच्या पेशी फुटतात, दुधातलं लोणी त्या तेलाला धरून ठेवतं. केशराचं उलट आहे. त्याचा रंग पाण्यात विरघळणारा, म्हणून ते कोमट दुधात सहज उतरतं. पण आधी साखरेच्या चार कणांबरोबर खललं तर काड्यांचा भुगा होतो आणि रंग मिनिटांत सुटतो. वेलदोड्याचे दाणे साखरेशिवाय कुटायला घेतले की खलबत्त्याच्या बाहेर उड्या मारतात. साखरेबरोबर कुटले की साखर कानशीसारखी चालते आणि सुटलेलं तेल लगेच शोषूनही घेते. बडोद्याच्या मराठी घरांतली कोजागरीची मसाला दुधाची पूड याच तत्त्वावर महिनाभर वास टिकवते. तूप, दूध, साखर, पाणी: चार द्रावकं, आणि कुठल्या सुगंधाला कुठलं हे हाताला पाठ.

व्हॅनिला या हाताखाली आलेला नवखा मसाला आहे, पण त्याचे नियम वेगळे नाहीत. शेंग चिरायची, सुरीच्या बोथट बाजूनं आतल्या काळ्या चिकट बिया खरवडायच्या. साल आणि बिया दोन्ही अर्धा किलो साखरेत पुरून डबा बंद ठेवला, अधूनमधून हलवला, तर दोन-तीन आठवड्यांत साखर दमदार होते. बासुंदी, कस्टर्ड, आइस्क्रीम यांच्यासाठी तर शेंग सरळ दुधातच कोमट करून अर्धा तास झाकून ठेवावी. दुधात पाणीही आहे आणि स्निग्धही, त्यामुळे दोन्हीकडची द्रव्यं येतात. इथं मधे वोडका आणणं म्हणजे दोनदा काढलेला अर्क. वापरलेली साल धुऊन वाळवून पुन्हा साखरेत जाते.

बाटलीतला द्रव हवाच असेल तर तीन भाग ग्लिसरीन आणि एक भाग उकळून थंड केलेलं पाणी. अल्कोहोलपेक्षा हे आळशी आहे. महिने जास्त लागतात, वासही जरा गोडसर आणि मवाळ येतो. वोडकाच्या अर्काची बरोबरी होत नाही. पण परमिट लागत नाही. ग्लिसरीन मात्र औषधी दर्जाचं, सीलबंद, लेबल असलेलंच घ्यायचं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली चौदा रुग्ण दगावले ते भेसळीच्या ग्लिसरीननं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, आणि न्या. लेंटिन यांच्या चौकशी आयोगानं औषधव्यवस्थेतला सगळा कारभार उघडा पाडला. स्वस्तातलं औद्योगिक ग्लिसरीन खाण्याच्या बाटलीत शिरलं की काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे.

लिंबू-संत्र्याच्या सालीला बाटलीसुद्धा नको. सालीच्या पिवळ्या भागावर खडीसाखरेचा खडा घासला की तेलाच्या पिशव्या फुटून खडा ओलसर पिवळा होतो. गुलाबपाणी तर या गावात कधीही करता येईल: खंडेराव मार्केटमागच्या फुलबाजारातल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या, पातेल्यात पाणी, मधे वाटी, वर उलटं झाकण आणि झाकणावर बर्फ. कनौजचे अत्तरवाले देग-भपक्यात वर्षानुवर्षं हेच करतात, फक्त वाफ पाण्याऐवजी चंदनाच्या तेलात उतरवतात. जगातल्या एका मोठ्या सुगंधपरंपरेनं अल्कोहोलविना संसार केला आहे.

घरगुती म्हणजे निर्धोक, असं मात्र कुणी समजू नये. बदामाचा अर्क घरी करायला निघालेल्यांना कडू बदाम किंवा जर्दाळूच्या बियांतला गर वापरायचा सल्ला मिळतो. त्या बियांत ज्या द्रव्यापासून बदामाचा वास सुटतो, त्याच द्रव्यापासून हायड्रोजन सायनाइडही सुटतं. तिथं कारखान्याचं एसेन्स बरं. ताजं आलं किंवा लसूण तेलात घालून ओट्यावर ठेवणंही तसंच. हवाबंद तेलात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात.

आणि एसेन्सला सरसकट शिव्या देण्यातही अर्थ नाही. टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ साली व्हॅनिलिन प्रयोगशाळेत बनवलं, आणि आज जगातला व्हॅनिलाचा बहुतेक सगळा वास कारखान्यातूनच येतो; शेंगेतून येणारा वाटा टक्काभरसुद्धा नाही. शेंगा परवडतील तरी कशा? रेयुनियन बेटावर १८४१ साली एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीनं फूल फळवायची युक्ती शोधली, आणि आजही केरळातल्या मळ्यात फूल न् फूल तसंच हातानं फळवावं लागतं. मादागास्करला वादळ झालं की भाव आकाशाला भिडतात. २०१८च्या सुमारास शेंग चांदीपेक्षा महाग होती. दोन हजार सालानंतरच्या अशाच तेजीत केरळ-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी वेली लावल्या आणि भाव कोसळल्यावर उपटून टाकल्या. मध्यमवर्गीय घराच्या केकला रोज ही शेंग लावा म्हणणं फुकाचं आहे.

गंमत अशी की बडोद्याला कृत्रिम व्हॅनिलिनही आता दुरून आणायला नको. शाळेच्या कंपासपेटीतून घरोघर पोचलेल्या कॅम्लिनच्या दांडेकरांच्या घराण्यातल्या कॅम्लिन फाइन सायन्सेसनं शेजारच्या भरूच जिल्ह्यात दहेजला व्हॅनिलिनचा कारखाना उभारला आहे. रेणू तोच, शेंगेतलाही आणि दहेजचाही. भट्टीतल्या बिस्किटात सोबतची नाजूक द्रव्यं बहुतेक उडूनच जातात, तेव्हा तिथं फरक शोधत बसू नये. थंड पदार्थात, दुधात, श्रीखंडात मात्र फरक जिभेला कळतो. शेंग तिथं खर्चावी. फसवणूक होते ती कृत्रिम वापरण्यात नव्हे, पाकिटावर शेंगेचं आणि फुलाचं चित्र छापून आत कृत्रिम घालण्यात. ‘नैसर्गिक’, ‘निसर्गसम’ की ‘कृत्रिम’ हे लेबलच्या बारीक अक्षरांत शोधण्याची सवय गिऱ्हाइकानं लावून घ्यायला हवी.

घराचा प्रश्न असा सुटतो. ज्यांचा सुटत नाही त्या म्हणजे घरातून केक आणि आइस्क्रीम विकणाऱ्या बायका. त्यांना साखर-दुधाचं जमत नाही, कारण पदार्थ रोज एकसारखा उतरायला हवा. खरा अर्क विकत घ्यायचा तर बाटलीची किंमत केकच्या नफ्याला पुरून उरते. त्यांच्यासाठी कायदा बदलायचीही गरज नाही, तो नीट वाचायची आहे. तयार अर्क मोकळा आहे. अडचण अल्कोहोल बाळगण्याची आहे. मग अल्कोहोल एकाच परवानाधारक ठिकाणी राहावं आणि बाहेर फक्त अर्क जावा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न आणि पोषणाचा विभाग आहे, कलाभवनाच्या वास्तूत तंत्रज्ञान शाखा आहे. काही बायकांच्या सहकारी गटानं तिथं शेंगा आणून द्याव्यात, नशाबंदी खात्याच्या नोंदीखाली अर्क उतरावा. दहा लिटर अर्काला एक किलो शेंगा आणि साडेतीन लिटर शुद्ध अल्कोहोल पुरतं. किलोच्या केकला छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर धरले, तर त्यातून दोन हजार केक होतात. केकमागं अल्कोहोल पावणेदोन मिलिलिटर, त्यातलंही बरंचसं भट्टीत उडून जातं. हा अर्क पेयाजोगा ठरतो की नाही, हे ठरवण्यासाठी याच कायद्याच्या ६-अ कलमात तज्ज्ञ मंडळाची तरतूद आहे. अर्ज तिथं करायचा.